सारजाची कावीळ

सकाळी सहा ते आठ या दोन तासांत आपल्याला मरायलाही सवड नसते, असं सोनम नेहमी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या मंगळवारीही तसंच चाललं होतं. दोन्ही गायींच्या धारा काढून दूध डेअरीला गेलं होतं. नवरा दिग्विजय बारामतीच्या एमआयडीसीतल्या कंपनीची बस पकडायला कळंबच्या फाट्यावर पळाला होता. सासूबाई बनाबाई ओट्यावर बसून घेवडा निवडत होत्या. सोनम भाकरी थापत होती, एक डोळा तव्यावर आणि एक घड्याळावर. तेवढ्यात नववीतली लेक संस्कृती दप्तराचा एक बंद खांद्यावर अडकवून आली आणि तिनं एक कागद पुढं धरला.

“मम्मी, सही पायजे. परवाच्या आत.”

“आता कुठं निघाली सहल?”

“सहल न्हाय गं. लस हाय. आमच्या वयाच्या पोरींना फुकट देणार हायत, बेस्तरवारी, सरकारी दवाखान्यात. आशाताईंनी वर्गात कागद वाटले.”

सोनमनं पिठाचा हात झटकून कागद घेतला. ती बारावी झालेली, तिला वाचायला कुणी लागत नव्हतं. वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस’. खाली पालकांसाठी दोन चौकोन, एक संमतीचा, एक नकाराचा. ती पहिली ओळ तिनं पुन्हा वाचली. तव्यावरची भाकरी करपून तिचा धूर घरभर झाला तरी ती तशीच उभी.

“अगं, जळालं की! कसला कागद हाय तो?” ओट्यावरून बनाबाई ओरडल्या.

“लशीचा हाय आज्जी,” संस्कृती म्हणाली. “कॅन्सरची लस.”

घेवडा निवडणारे हात थांबले. बनाबाई उठून आत आल्या, त्यांनी नातीकडं बघितलं, मग सुनेकडं. “नकारावर खूण कर आन् दे पाठवून,” त्या म्हणाल्या. “हरताळकेला काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय.”

गावानं बघितलं होतं हे खरं. बरोबर वीस दिवसांपूर्वी, हरतालिकेच्या दिवशी, शेजारच्या वस्तीवरच्या उपकेंद्रात हीच लस देत असताना पाच पोरी एकामागोमाग एक खाली कोसळल्या होत्या. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ भिगवणपासून बारामतीपर्यंत घराघरांत पोचला. त्याच्याखाली कुणी लिहिलं, पोरी वांझ करायची सुई आहे. कुणी लिहिलं, ही लस ‘तसल्या’ पोरींसाठी असते. झालं! व्हिडिओ बघणाऱ्यांनी पोरी बघितल्या, पोरींना पुढं काय झालं ते विचारायला मात्र एकही माणूस त्या वस्तीवर गेला नाही. आपल्याकडं बातमी पळत येते आणि चौकशी घरी झोपून राहते.

संस्कृती शाळेला गेली. सोनमनं कागद फडताळात ठेवला. पण दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. व्हिडिओ तिनंही बघितला होता. एका पोरीची मान कशी एका अंगाला कलंडली, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आणि तिला दुसरी भीतीही होती. ती गावातल्या दुसऱ्या कुणालाच नव्हती, कारण ज्या आजाराची ही लस होती तो आजार सोनमनं स्वतःच्या घरात बघितला होता.

सारजा ही दिग्विजयची थोरली बहीण, अंथुर्ण्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली. कशानं गेली? कळंबात कुणालाही विचारा, सांगेल, “काविळीनं.” तिरडी उठायच्या आधीच बनाबाईंनी तसं सांगून टाकलं होतं. कावीळ हा कसा अब्रूदार आजार. मास्तरला होतो, पुजाऱ्याला होतो, चारचौघांत नाव घेता येतं. सारजाला झाला होता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि हे शब्द त्या घरात भिंतींनाही ऐकवायची चोरी होती.

सोनमला ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. नागपंचमीला सारजा माहेरी आली होती. न्हाणीघरात ती कपडे धूत बसली होती, आणि पाणी लाल. सोनमनं विचारलं, “ताई, पाळी हाय का?” सारजा म्हणाली, “पाळी न्हाय गं. चार-पाच महिनं झालं, मधीच जातं. कंबर तर नुसती मोडून पडती.” सोनम म्हणाली, “मग ह्यांना सांगते, बारामतीला दाखवू.” तशी सारजानं ओला हात तिच्या मनगटावर आवळला. “भावाला असलं सांगतीस व्हय? माझी काय लाज ठेवशील का न्हाय? तुला संस्कृतीची शपथ हाय सोनम. कुणापाशी बोललीस तर पोरीच्या डोक्यावर.”

शपथ! आपल्या बायका देवाच्या शपथेला एक वेळ बगल देतील, पण पोटच्या पोरीची शपथ मोडायची त्यांची छाती होत नाही. सोनमची झाली नाही. तिनं आपल्याकडची पॅडची दोन पाकिटं गुपचूप सारजाच्या पिशवीत घातली आणि तोंड शिवून घेतलं. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. माघात सारजा रानात चक्कर येऊन पडली तेव्हा तिला बारामतीला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “इतके दिवस कुठं होता?” त्या दिवशी दिग्विजयला, तिच्या सख्ख्या भावाला, पहिल्यांदा कळलं. पुढं पुण्याच्या खेपा झाल्या आणि आषाढात सारजा गेली. सोनमनं शपथ पाळली म्हणून संस्कृती सुखरूप राहिली, असं आजही तिच्या मनाचा एक कोपरा मानत होता. दुसरा कोपरा तिला रोज विचारायचा, की तू बोलली असतीस तर?

आता संमतीच्या चौकोनात खूण केली तर लोक विचारणार, तुझ्याच पोरीला का? आणि खरं सांगितलं तर शपथ मोडणार, ती पोरीच्याच डोक्यावर. नकार दिला, तर वीस-पंचवीस वर्षांनी संस्कृती अशीच कुठंतरी न्हाणीघरात बसलेली असेल. इकडं आड, तिकडं विहीर.

संध्याकाळी दिग्विजय आला. जेवताना सोनमनं विषय काढला. त्यानं भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. “बसमधी सगळ्यांनी दाखवला मला त्यो व्हिडिओ. कशाला हात दाखवून अवलक्षण? आईला विचार. असल्या बायकांच्या गोष्टीत मला काय कळतंय?” माणूस वाईट नव्हता. गाय आजारी पडली तर जनावरांच्या डॉक्टरला अर्ध्या तासात दारात उभा करणारा माणूस. पण बाईच्या आजाराचं नाव निघालं की तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचा, आणि आत्ताही उठला.

बनाबाईंचं मत ठरलेलंच होतं. दिग्विजय हात धुवायला गेल्यावर त्या सुनेच्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, “नीट ऐक. गावात एकीनंबी सही केल्याली न्हाय. तू एकटीनं केलीस, तर लोक खोदून काढतील. म्हणतील आत्याला तसलं झालं हुतं, म्हणून भाचीला टोचून घेतलं. ह्या घरच्या पोरींच्या अंगातच रोग हाय म्हणतील. उद्या कोण पाव्हणा यील हिला बघायला? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आई, ती चौदा वर्षांची हाय. पाव्हण्यांचं आत्ता कशाला?”

“आत्ताच. पोरीचं नाव एकदा वाईट झालं, की मग सुधारत न्हाय.”

बनाबाई दुष्ट होत्या का? नव्हत्या. त्याही घाबरलेल्याच होत्या. त्या घरात तीन बायका आणि तिघी घाबरलेल्या. संस्कृती आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून हे सगळं ऐकत होती.

बुधवारी दुपारी सोनमनं स्कूटी काढली. मळ्याला जाऊन येते म्हणून सांगितलं आणि थेट त्या शेजारच्या वस्तीवर गेली. विचारत विचारत लीलाबाईंचं घर काढलं. व्हिडिओतली ती मान कलंडलेली पोरगी, श्रिया, ही लीलाबाईंची नात. आईबाप भिगवणला कामाला, पोरगी आजीपाशी. सोनम जीव मुठीत धरून अंगणात शिरली. तिला वाटलं, पोरगी अंथरुणाला खिळलेली असणार.

पोरगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

लीलाबाईंनी बसायला सतरंजी टाकली, चहा टाकला, पण लशीचं नाव काढताच त्यांचं तोंड बंद झालं. “झालं गेलं. आता कशाला त्ये?” एवढंच. त्या चहा गाळायला आत गेल्या तशी श्रिया सोनमच्या कानाशी आली.

“काकू, एक सांगू? मला सुई दिलीच न्हवती.”

“म्हंजी?”

“माझा नंबरच आला न्हवता. मी रांगेत उभी हुते. हरताळका हुती न्हवं? आमी सगळ्या निर्जळी उपाशी. आदल्या रात्रीपास्नं पाण्याचा थेंब न्हाय. ऊन मरणाचं. सिस्टर येकेकीला विचारत हुत्या, जेवून आलीस का? आमी सगळ्यांनी व्हय म्हटलं.”

“खोटं का बोललात गं?”

“न्हाय म्हटलं असतं तर त्यांनी बिस्किट खायला लावलं असतं. उपास मोडला असता. आज्जीनं सांगितलं हुतं, पयलीच हरताळका हाय, मोडलीस तर नवरा चांगला मिळत न्हाय.” श्रियानं आत बघितलं आणि आवाज आणखी बारीक केला. “पुढच्या दोघींना सुई दिल्याली. त्या पडल्या. ते बघून मला अंधारीच आली. माझ्या मागच्या दोघी बी पडल्या. लिंबू-सरबत दिलं, पाच मिनिटांत उठलो सगळ्या. ते व्हिडिओत न्हाय.”

लीलाबाई कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मी कुणाच्या तोंडानं सांगू बाई? पोरीला मीच उपाशी ठेवली म्हणून सांगू? लोक मला फाडून खातील. आन् देवाच्या उपासाला बोल लावला म्हणतील.”

आता बोला! एका म्हातारीला बोल लागू नये म्हणून शेकडो घरांतल्या पोरींच्या कागदावर नकाराची खूण पडत होती. सोनमला हसावं की रडावं कळेना. पण तिचं निम्मं भय तिथंच उतरलं. उरलेलं निम्मं घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथं श्यामला सिस्टर रजिस्टर लिहीत बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“सिस्टर, मला खरं सांगा,” सोनम उभ्या उभ्याच म्हणाली. “ह्या लशीनं काय वाईट हुतं? चांगलं नंतर सांगा.”

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. “बसा. असं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. हात दुखतो, दोन-तीन दिवस. सुजतो कधी. ताप येतो, डोकं दुखतं. या वयाच्या मुलींना सुईला घाबरूनच चक्कर येते, आणि पोट रिकामं असेल तर हमखास. लाखात एखादीला जोराची ॲलर्जी येते. ते खरंच धोक्याचं असतं. म्हणून तर सुईनंतर अर्धा तास सोडत नाही, आणि त्यावरचं औषध हाताशी ठेवतो. काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही.”

“आन् वांझपण?”

“जगात कोट्यवधी मुलींनी घेतली आहे. पुढं लग्नं झाली, मुलं झाली. तसं कुठंही दिसलेलं नाही.”

“मग लोक म्हणतात, तसल्या पोरींना देतात...”

सिस्टरनी चष्मा काढला. “हा आजार एका विषाणूमुळं होतो. नवराबायकोच्या संबंधातून येतो. एकच नवरा, त्याच्याशिवाय दुसऱ्याकडं मान वर करून न बघितलेली बाई असते ना, तिलाही होतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं बसून राहतो आणि मग कॅन्सर करतो. लस तो येण्याआधी द्यायची असते, म्हणून लहान वयात. एकदा आजार झाला की ती उपयोगाची नाही. आणि घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, तिशीनंतर तपासणी करायचीच. पण एवढी एक सुई बहुतेक सगळा धोका टाळते.”

दुसऱ्याकडं मान वर करून न बघितलेली बाई. सोनमला सारजाचा पदर आठवला, दिराच्या समोरसुद्धा कपाळावरून न ढळलेला. तिनं डोळे पुसले आणि ती उठली.

घरी येऊन तिनं संस्कृतीला जवळ बसवलं आणि लशीचं सगळं सांगितलं; सारजाआत्याचं तर पोरीनं काल रात्री आतून ऐकलंच होतं. शपथेचं तेवढं सांगितलं नाही. “तुला भ्या वाटतं का?” तिनं विचारलं.

“वाटतं,” संस्कृती म्हणाली. “पण सारजाआत्यासारखं हुईल, ह्याचं जास्त वाटतं.”

सोनमनं संमतीच्या चौकोनात खूण केली. सही करताना ‘सोनम’मधला मकार भलतीकडंच गेला.

गुरुवारी सकाळी तिनं लेकीला समोर बसवून दीड भाकरी, पिठलं आणि ताकाचा तांब्या संपवायला लावला. बनाबाई दारात उभ्या. “पितरांचा पंधरवडा चाललाय. असल्या दिवसांत पोरीला सुई? तुझ्या पाया पडते, नगं जाऊ.” सासू सुनेच्या पाया पडायची भाषा करते तेव्हा सुनेचा पाय निघत नाही. सोनमचाही निघेना. संस्कृतीच चप्पल घालून पुढं झाली, म्हणून मागं ती.

दवाखान्याच्या फाटकाशी बारा-पंधरा बायका उभ्या होत्या. बचत गटाच्या भीमाकाकी मध्ये. गावात त्यांच्या शब्दाबाहेर बायका जात नसत. कुणी आपल्या पोरीला घेऊन येत नाही ना, ते बघायलाच त्या आल्या होत्या.

“सोनम, गटात ठरलंय न्हवं, कुणी द्यायची न्हाय म्हणून?” काकींनी वाट अडवली. “व्हिडिओ बघितला न्हाईस का?”

“बघितला. त्या पोरीला भेटूनबी आले. तिला सुई टोचलीच न्हवती काकी. पोरी हरताळकेच्या निर्जळी हुत्या.”

बायकांत चुळबुळ झाली. कुणी म्हणालं, कशावरून? काकी काही इतक्यात माघार घेणाऱ्या नव्हत्या. “असू दे. पण तुलाच एवढी घाई का? तुझ्या पोरीनं काय केलंय, का तिला असल्या लशीची गरज पडावी?”

संस्कृतीची मान खाली गेली. सोनमनं ते बघितलं. समोर पंधरा तोंडं, आणि मागं रस्त्यावर, धापा टाकत येऊन उभ्या राहिलेल्या बनाबाई. त्यांनी मानेनंच खुणावलं, नको. पोरीच्या डोक्यावर, असं सारजाचा आवाज सोनमच्या कानात म्हणाला. आणि तरी ती बोलली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

“माझ्या पोरीनं काय केलेलं न्हाय. माझ्या नणंदेनंबी काय केलेलं न्हवतं. सारजाताई काविळीनं गेल्या न्हाईत. त्यांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला हुता. नऊ-दहा महिनं अंगावरनं जात हुतं. मला ठावं हुतं आन् मी गप बसले.”

सगळ्या बायकांनी एकदम बनाबाईंकडं बघितलं.

“बनाबाई,” भीमाकाकी म्हणाल्या, “सून काय बोलतीय ही?”

बनाबाईंनी पदर तोंडाशी नेला. एक शब्द पुरला असता. ‘खोटं’ म्हटलं असतं, तर गावानं सुनेपेक्षा सासूवरच विश्वास ठेवला असता. त्या तो शब्द बोलल्या नाहीत. दुसराही बोलल्या नाहीत. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. सोनमनं लेकीचा हात धरला आणि ती आत गेली.

सुई टोचायला पाच सेकंदही लागले नाहीत. संस्कृती “आई गं” म्हणाली आणि झालं. पुढचा अर्धा तास मात्र सोनमच्या जन्मातला सगळ्यात लांब अर्धा तास होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. खिडकीच्या गजांना बायकांची तोंडं. तीन मिनिटं गेली, पाच गेली. सातव्या मिनिटाला संस्कृती म्हणाली, “मम्मी, कसंतरीच हुतंय,” आणि तिचे ओठ पांढरे पडले.

शपथ! मोडली, आणि मोडल्याला अर्धा तासही झाला नव्हता. खिडकीतून कुणीतरी किंचाळलं, “पडली, पडली!” आणि एकीनं मोबाईल वर केला. श्यामला सिस्टरनी पोरीला आडवं केलं, पाय उशीवर घेतले, नाडी धरली. “घाबरली आहे. श्वास बघा, नीट आहे. अंगावर पुरळ नाही, तोंडावर सूज नाही. संस्कृती, माझ्याकडं बघ. तुझ्या वर्गात मुली किती?”

“एकोणीस,” संस्कृती पुटपुटली.

सोनम खाली बसून लेकीचे तळपाय चोळत राहिली. मनात सारजाची माफी मागत होती, नवस बोलत होती, सगळं एकदम. आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून बनाबाईंचा आवाज आला. त्या मोबाईल धरलेल्या बाईला म्हणत होत्या, “खाली घे त्यो. खाली घे म्हणते ना! टिपायचं तर माझं टीप.”

मग त्या थांबत थांबत बोलू लागल्या. “सून म्हणती तिला ठावं हुतं. तिच्या आधी मला ठावं हुतं. सारजा पयली माझ्यापाशीच आली. उन्हाळ्यात. म्हणाली, आई, असं असं हुतंय. मीच म्हटलं, सासरी बोलू नगंस, बाहेरख्याली म्हणतील. भावाला बोलू नगंस, त्याला काय वाटंल. काढा करून दिला, अंगारा दिला. माझी लेक, माझं ऐकणारी, दहा महिनं मुकाट बसली. कावीळ मीच केली तिची. माझ्या लेकीला रोगानं न्हाय, मी मारली.”

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला. बाहेर बांगड्या वाजल्या, भीमाकाकी त्यांच्याजवळ बसल्या असाव्यात.

दहा चाळीसला संस्कृती उठून बसली. ओठांवर रंग आला होता. “हात दुखतोय,” ती म्हणाली, “आन् भूक लागलीय.” सोनमनं तिला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडली, लहान पोरीसारखी. लेकीला ती रडतेय की हसतेय तेच कळेना.

गावात क्रांती वगैरे काही झाली नाही. एकोणीसपैकी त्या दिवशी पाच पोरींनी लस घेतली. त्यात भीमाकाकींची नात एक. बाकीच्यांच्या आया “घरी विचारून सांगतो” म्हणाल्या, आणि घरी विचारलं की काय उत्तर येतं ते तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. दोघीतिघी तर जाता जाता कुजबुजल्याच, की बरं झालं कळलं, ह्या घराशी सोयरीक नको. बनाबाईंचं भय खोटं नव्हतं.

बाकीच्या पोरींचं आटोपल्यावर दुपारी निघताना श्यामला सिस्टरनी सोनमला थांबवलं. “तुमचं वय?”

“छत्तीस.”

“कधी तपासून घेतलंय?”

सोनमनं नकारार्थी मान हलवली. लेकीच्या धास्तीत स्वतःचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आता शिवला. सिस्टर म्हणाल्या, “मंगळवारी इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात या. पाच मिनिटांचं काम. दुखत नाही फारसं.”

दवाखान्याच्या पायरीवरच तिनं दिग्विजयला फोन लावला. जेवणाची सुट्टी झाली होती, मागं डबे उघडल्याचे आणि माणसांच्या हसण्याचे आवाज.

“पोरीला लस दिली,” ती म्हणाली. “बरी हाय. आन् मंगळवारी रजा टाका. मला इंदापूरला न्यायचं हाय.”

“का? काय झालं?”

“पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची हाय.”

“हळू बोल की. हितं सगळे बसल्यात. संध्याकाळी बघू.”

“फोन माझा हाय, माणसं तुमची हायत. मी हळू बोलणार न्हाय.” ती तशीच पुढं बोलली. “ताईंचं आज सगळ्या गावाला सांगितलं. आईंनीबी सांगितलं. ताईंनी आदी आईंना सांगितलं हुतं, मग मला. दहा महिनं. तुमच्यापाशी तेवढं कुणी बोललं न्हाय.”

पलीकडं खुर्ची सरकली. दिग्विजय उठून बाहेर गेला असावा, कारण डब्यांचे आवाज लांब गेले.

“माझ्याकडं गाडी हुती सोनम. ताईला मी त्याच दिवशी बारामतीला नेली असती. दहा महिन्यांत कुणाला मला एकदाबी का सांगावंसं वाटलं न्हाय?”

कट्ट्यावर बनाबाई नातीचा दुखरा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोनमनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्याजवळ उत्तर होतं, आणि ते नवऱ्याच्या तोंडावर सांगायची तिला भीती वाटत होती.

“घरी या,” ती म्हणाली. “जेवताना सांगते. पण आज ताटावरनं उठू नका.”